‘बंद पडली तं येईन कोन?’ : वऱ्हाडात तांत्रिक विक्री करू पाहणाऱ्यांसाठी

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळ मिलमध्ये नवं यंत्र दाखवायला गेलात, की शेठजी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहतात, चहा मागवतात, किंमत विचारतात. मग मुद्द्याचं येतं : “साहेब, मशीन तं चांगली हाये, पन सीझनमदी बंद पडली तं येईन कोन?” बाहेरगावाहून आलेल्या विक्री-अभियंत्याकडे याचं उत्तर म्हणून बहुधा एक टोल-फ्री नंबर असतो. तेवढ्यावर वऱ्हाडात ऑर्डर मिळत नाही, आणि मिळूही नये. तुरीची आवक भरात असताना मिल तीन दिवस थांबली तर काय होतं, हे त्या माणसाने सोसलेलं असतं.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचं राम मेघे, अकोल्याजवळचं बाभुळगाव, शेगावचं गजानन महाराज महाविद्यालय आणि अमरावती-अकोला या दोन्ही शहरांची शासकीय तंत्रनिकेतनं इथून दरवर्षी मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलची मुलं-मुली बाहेर पडतात आणि बहुतेक जण पुण्याची गाडी धरतात. जावं, त्यात वावगं काही नाही. पण मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कन्व्हेयर, सॉर्टेक्स (कॅमेऱ्याने दाणे निवडणारं यंत्र) बनवणाऱ्या कंपन्यांना वऱ्हाडाच्या पाच जिल्ह्यांत फिरणारा, यंत्र कळणारा माणूस लागतो आणि सहजी मिळत नाही. हा लेख त्या जागेवर बसू पाहणाऱ्यांसाठी आहे.

काम काय असतं ते आधी स्पष्ट करतो. दुकानदार ग्राहक मागेल ती वस्तू देतो. तांत्रिक विक्री करणारा अभियंता ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन अडचण मोजतो, तिला लागणारं यंत्र किंवा सुटा भाग निवडतो, त्याचा आकार-क्षमता ठरवतो, कोटेशन देतो, माल बसेपर्यंत पाठपुरावा करतो आणि बसल्यावर तो सांगितल्याप्रमाणे चालतो की नाही हे पाहतो. यातलं कोटेशन देणं हे सगळ्यात सोपं. नवखी मुलं नेमका त्याच्यावरच सगळा जोर लावतात.

वऱ्हाडातला उद्योग शेतमालाच्या मागे चालतो, म्हणून तुमचं वर्षही शेतमालाच्या मागे चाललं पाहिजे. सोयाबीन ऑक्टोबरात बाजारात येतं आणि तेल गिरण्या, सॉल्व्हंट प्लांट सुरू होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पेटतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. डिसेंबर-जानेवारीपासून तूर, तिच्या पाठोपाठ हरभरा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या दोन बहारांप्रमाणे ग्रेडिंग आणि वॅक्सिंगची यंत्रं चालतात. कंपनीचं टार्गेट मात्र एप्रिल ते मार्च असं सरळ बारा भागांत वाटलेलं असतं. या दोन कॅलेंडरांचा मेळ घालणं तुमच्यावरच येतं.

जिनिंगवाल्याकडे नोव्हेंबरात नव्या यंत्राचं बोलायला जाऊ नका. तेव्हा तो कापसाच्या भावात आणि गाड्यांच्या रांगेत असतो. त्याची दुरुस्ती, ओव्हरहॉलिंग आणि खरेदीचा विचार जून ते सप्टेंबरमध्ये होतो, म्हणजे भर पावसात. तेव्हा शेड रिकामी असते, यंत्रं उघडलेली असतात, फिटरला बोलायला वेळ असतो. उघडलेल्या गिअरबॉक्सचे दात डोळ्यांनी पाहायला मिळतात. सीझनमध्ये जायचं ते विकायला नव्हे, चालू यंत्राचं माप घ्यायला आणि आधी विकलेलं नीट चाललंय ना हे बघायला. अशा फेऱ्या टाळायला रस्त्याची सबब आता उरलेली नाही. अमरावती-अकोला महामार्गाच्या दुर्दशेने एक पिढी कावली होती. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम नोंदवला गेला. सकाळी अमरावती, दुपारी मूर्तिजापूर, संध्याकाळी अकोला असा दिवस आता सहज जमतो.

आता मापाकडे येतो, कारण या धंद्याचा जीव त्यात आहे. बॅगेत माहितीपत्रकांच्या आधी क्लॅम्प मीटर, टॅकोमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, व्हर्नियर आणि एक लहान वजनकाटा असावा. “दहाची मोटर सारखी जळते, पंधराची द्या” ही मागणी तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. पंधराची दिली तर विक्री झाली. पण आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट मोजा. व्होल्टेजमध्ये फेजाफेजात ३.५ टक्क्यांची तफावत असली तरी वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होते, आणि वाइंडिंग दर १० अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मग तपासा : पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलाय का, पंख्याच्या जाळीवर रुई किंवा भुसा बसून हवा कोंडलीय का, आधी दोनदा रिवाइंडिंग झालंय का. यातलं कारण सापडलं, तर मोठी मोटरही काही महिन्यांत जळणार होती आणि दोष तुमच्या कंपनीवर येणार होता.

डाळ मिलचंच उदाहरण घेऊ. अकोला डाळीसाठी देशभर ओळखलं जातं, तेव्हा तिथे अडाणी राहून चालणार नाही. समजा, १२ मीटर उंचीच्या बकेट एलिव्हेटरने तासाला ५ टन तूर वर न्यायची आहे. केवळ वजन उचलण्याचा हिशेब केला तर सुमारे १६५ वॅट येतात, म्हणजे पाव अश्वशक्तीपेक्षाही कमी. प्रत्यक्षात तिथे दोन अश्वशक्तीची मोटर दिसते. नवा अभियंता याला उधळपट्टी म्हणेल. पण वीज गेली, एलिव्हेटर भरल्या पोटी थांबला आणि वीज आल्यावर खालचा बूट दाण्यांनी गच्च असताना तो सुरू करावा लागला, की त्या जास्तीच्या ताकदीचं कारण कळतं. सूत्र चुकीचं नसतं. मिलमधला सगळ्यात वाईट क्षण सूत्रात मांडलेला नसतो, तो तुम्ही जाऊन पाहायचा असतो.

आता बचतीचा हिशेब पाहा. १५ किलोवॅटची, चार पोलची जुनी आयई-१ मोटर ८८.७ टक्के कार्यक्षम असते, आयई-३ मोटर ९२.१ टक्के. पूर्ण लोडवर रोज १६ तास, १५० दिवस म्हणजे २,४०० तास चालवली तर सुमारे १,५०० युनिटं वाचतात. युनिटचा दर ९ रुपये धरला तर साडेतेरा हजार रुपये. लोड कमी असेल तर त्याहून कमी, आणि तसं सांगायला हवं. ही बचत खरी आहे, माहितीपत्रकात ती ठळक छापलेलीही असते. पण त्याच मिलमध्ये रोज २०० क्विंटल तूर भरडली जात असेल आणि डाळीचा उतारा एका टक्क्याने वाढला, तर रोज दोन क्विंटल माल चुनी-खांड्यात, म्हणजे तुकड्या-भुग्यात, जायचा थांबून डाळीत येतो. डाळ आणि चुनीच्या भावातला फरक क्विंटलमागे ६,००० रुपये धरला, तर एका दिवसाचे १२,००० रुपये होतात. मोटर पूर्ण सीझनमध्ये जेवढं वाचवते, जवळपास तेवढं उतारा एका दिवसात देतो.

हे गणित ज्याला उमगलं तो मिलमध्ये शिरल्यावर आधी मोटरकडे जात नाही. तो चुनीच्या पोत्यात हात घालून अख्खे आणि अर्धे दाणे किती जातात ते बघतो. एमरी रोलरचा दगड कुठे झिजला आहे, रोलर आणि जाळीतलं अंतर दोन्ही टोकांना सारखं आहे का, तेल-पाणी देऊन वाळवलेल्या मालाचा ओलावा प्रत्येक घाण्याला सारखा राहतो का, हे विचारतो. सॉर्टेक्सने बाजूला काढलेल्या मालातून किलोभर नमुना घेऊन हाताने निवडतो. त्यात चांगली डाळ भरपूर निघाली, तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. हवेतलं पाणी आणि तेल इजेक्टरपर्यंत पोचून त्याचे व्हॉल्व सुस्त झालेले असतात. अशा वेळी ग्राहकाला नवा सॉर्टेक्स नको, कॉम्प्रेसरच्या पुढे चांगला ड्रायर आणि फिल्टर हवा असतो. ऑर्डर लहान होते, पण पुढचा सॉर्टेक्स घेताना फोन तुम्हालाच येतो. हवेची गळतीही कानाने ऐका. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक सुमारे तीन किलोवॅट खातं, आणि ते बुजवायला तुमच्या कॅटलॉगमधलं काहीच लागत नाही. तरीही सांगा.

जिनिंग शेडमध्ये जायच्या आधी त्या यंत्राचा गाभा शिकून घ्या. आपल्याकडे डबल रोलर जिन चालतात. चामड्याचा रोलर कापसाचे तंतू ओढतो, स्थिर सुरी त्यांना अडवते आणि हलणारी सुरी सरकी खाली पाडते. म्हणून रोलरवरच्या खाचा झिजल्या किंवा सुरीचं सेटिंग बिघडलं की उत्पादन घटतं, सरकीला रुई चिकटून जाते किंवा सरकी फुटून रुईत मिसळते. ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास असला तर तंतू कमी तुटतात. सीझन उन्हाळ्याकडे झुकताना कापूस कोरडा पडतो, तेव्हा दमटपणा देणाऱ्या यंत्रणेची चर्चा करता येते. गाठ १७० किलोची बांधतात, तिच्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेलात धूळ गेली की सील आणि पंप दोन्ही खराब होतात. फिल्टर कधी बदलला हे विचारल्याशिवाय तिथे सील विकू नका. यंत्र बनवणारे लांब नाहीत. जिनिंग यंत्रांसाठी ओळखली जाणारी बजाज स्टील ही कंपनी नागपूरचीच. केंद्र सरकारच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच आहे. तिथला लहान अभ्यासक्रम केलेला विक्री-अभियंता आणि न केलेला, यांच्या बोलण्यातला फरक फिटरला पाच मिनिटांत कळतो. डाळीसाठी अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हे त्यांचं यंत्र खेड्यापाड्यांत पोचलं आहे. ते उघडून, चालवून पाहिलंत तर मोठ्या मिलचा प्रवाह समजायला सोपा जातो.

जिनिंग शेडमध्ये रुईचे कण उडत असतात आणि बेअरिंग तापून किंवा एखाद्या खड्याच्या ठिणगीनेही आग लागते. तिथे ग्राइंडर चालवून काही “चटकन करून दाखवणं” कधीही करू नका, मालक हो म्हणाला तरी. कंट्रोल पॅनेल विकताना धूळबंद आवरण आणि ड्राइव्हच्या कूलिंगचा विचार आधी सांगा, किंमत मागाहून.

ऊन हा इथला स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात अकोला ४५ अंशांच्या वर जातं, आणि पत्र्याच्या शेडखाली, पॅनेलच्या आत त्याहून बरंच जास्त असतं. आंतरराष्ट्रीय मानकात मोटरची नेमप्लेट क्षमता साधारण ४० अंशांच्या हवेसाठी धरलेली असते. ड्राइव्हच्या पुस्तिकेत तापमानाप्रमाणे क्षमता किती घटवायची याचा तक्ता असतो आणि तो कुणी उघडत नाही. जिनिंग मुख्यतः हिवाळ्यात चालतं, त्यामुळे तिथे निभावतं. डाळ मिल मात्र ऐन उन्हाळ्यात चालते, कारण माल वाळवायला तेच ऊन लागतं. पुण्यातल्या वरिष्ठांनी निवडून पाठवलेला ड्राइव्ह अकोल्यात एक साइज मोठा लागेल, हे लेखी कळवणं तुमचं काम. ग्राहक महाग म्हणेल, वरिष्ठ कटकट म्हणतील. तक्ता पुढे ठेवा आणि ठाम राहा.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत चाल वेगळी. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रेमंडसारख्यांचे कापडाचे कारखाने आहेत, शेजारी रतनइंडियाचा १,३५० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. अकोल्याकडे पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. इथे शेठजी नसतात, विभाग असतात. व्हेंडर नोंदणी, ड्रॉइंगची मंजुरी, तपासणी, निविदा, अनामत रक्कम या वाटेने जावं लागतं. मेंटेनन्सला तुमचा माल पटला तरी खरेदी विभाग तीन कोटेशनं मागणारच. यात रागावण्यासारखं काही नाही. आधी मेंटेनन्सच्या माणसाकडून गरजेचं नेमकं वर्णन कागदावर यावं एवढी मेहनत घ्या.

कोटेशनबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. बहुतेक भांडणं त्यात न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. यंत्राची क्षमता लिहिताना कोणता माल, किती ओलावा, किती कचरा, हे सोबत लिहा. तुरीवर तासाला दोन टन देणारं यंत्र हरभऱ्यावर तेवढंच देईल असं नाही. जीएसटी, वाहतूक, उतरवण्याची क्रेन-हमाली, फाउंडेशनचं बांधकाम, केबल, हवेची लाइन, यातलं तुमच्याकडे काय आणि ग्राहकाकडे काय, हे वेगवेगळ्या ओळींत द्या. फिटिंगला येणाऱ्या माणसाच्या राहण्या-जेवण्याचा खर्चही लिहा, तिथून मोठे वाद निघालेले आहेत. गॅरंटीत रोलर, पट्टा, सील यांसारखे झिजणारे भाग धरले आहेत की नाहीत, तेही.

आणि एक विनंती तुमच्याकडे नक्की येईल. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. अशा योजनेची फाइल बँकेत लावताना यंत्राचं कोटेशन लागतं. “जरा वाढवून द्या, स्वतःचा हिस्सा त्यातूनच निघेल,” असं कुणीतरी म्हणेल, कधी तुमचाच डीलर म्हणेल. देऊ नका. ती सरकारची आणि बँकेची फसवणूक आहे, त्यावर सही तुमची आहे, आणि हप्ते थकले की तो कागद पहिल्यांदा बाहेर निघतो. शिवाय कर्ज फुगलेलं असतं आणि यंत्राची कमाई खऱ्या किमतीएवढीच असते. त्यात बुडतो तो मालक. त्यापेक्षा योजनेची सध्याची स्थिती कृषी कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, खऱ्या किमतीचं स्वच्छ कोटेशन द्या, हप्ता आणि उत्पन्नाचा महिनावार हिशेब मांडून द्या. बँकेचा अधिकारी असे कागद देणाऱ्याला लक्षात ठेवतो.

निर्णय मालक घेतो, पण यंत्र जगवतो तो मिस्त्री. “साहेब, हा बेल्ट दर पंधरा दिवसाले तुटते,” हे तुम्हाला ऑफिसात कधीच ऐकू येणार नाही. फिटरला, मिस्त्रीला भाऊ म्हणा, काका म्हणा, आधी त्याचं ऐका आणि मालकापुढे त्याची चूक काढू नका. त्याला बेअरिंगचा नंबर वाचायला येत नसेल तर शिकवा : ६३०९ मधल्या शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणलं की ४५ मिलिमीटर, तोच शाफ्ट. यूसीपी २०८ म्हणजे ४०. ज्या मिस्त्रीला हे तुम्ही शिकवलं, तो फोनवर नेमका नंबर सांगेल आणि तुमचा चुकीचा फेरा वाचेल. भाषेचंही भान ठेवा. अकोल्याच्या व्यापारी घरांत हिंदी सहज चालते, मारवाडी-गुजराती कानावर पडते, शेडमध्ये वऱ्हाडी. वऱ्हाडी येत असेल तर पुण्याच्या नोकरीसाठी ती लपवायची सवय इथे सोडून द्या.

‘येईन कोन?’ याचं उत्तर नाव-गावासकट देता आलं पाहिजे. कोणते सुटे भाग अकोल्यात कोणत्या डीलरच्या कपाटात आहेत, कोणते नागपूरहून रातोरात येतात, कोणत्याला पंधरा दिवस लागतात, याची यादी विक्रीच्या वेळीच द्या. पंधरा दिवसवाला भाग ग्राहकाने सीझनआधी घेऊन ठेवावा, असं स्पष्ट सांगा. यंत्र बसल्यावर ग्राहकाचाच माल घालून पूर्ण पाळी चालवा, करंट, तापमान, उत्पादन मोजा, कागदावर दोघांच्या सह्या घ्या. वर्षभराने “पहिल्यापासूनच कमी चालते” असं कुणी म्हटलं, तर तो कागद दोघांच्याही कामी येतो.

वसुली हा विक्रीचाच भाग आहे, फक्त नोकरी देताना ते कुणी सांगत नाही. वऱ्हाडात पैसा सीझनला फिरतो. जूनमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे “कापूस आला की देतो” या बोलीवर अडकतात. त्यासाठी आगाऊ रक्कम, माल निघण्याआधीचा हप्ता आणि चाचणीनंतरचा शेवटचा हप्ता असे टप्पे कोटेशनमध्येच ठेवा. तुमची कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस आहे. हे पहिल्या भेटीतच शांतपणे सांगून ठेवावं. उशिराने काढलेला कायदा धमकीसारखा लागतो.

नोकरीची ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याबरोबर आणखी काही विचारा. टार्गेट ऑर्डरवर मोजतात की वसुलीवर? किलोमीटरमागे पेट्रोलचे किती मिळतात, आणि ते बिल किती दिवसांत निघतं? विदर्भासाठी सर्व्हिस इंजिनिअर वेगळा आहे की तेही तुम्हीच? सुरुवातीचे तीन महिने कारखान्यात, असेंब्लीवर काढायला मिळतील का? हा शेवटचा प्रश्न ऐकून कंपनी चुळबुळली तर सावध व्हा. जिथे माल बनतो तिथे तुम्हाला उभं न करता तो विकायला पाठवणारी कंपनी पुढे तक्रार आली की तुम्हालाच पुढे करते.

मुलींनी या क्षेत्रात यावं असं मला मनापासून वाटतं. डाळ मिलचा हिशेब बारकाईने मांडायला अभियंत्याचा मीटर आणि वही पुरते. पण अडचणी खऱ्या आहेत. पुष्कळ जिनिंगमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहाची नीट सोय नसते, आणि सीझनमध्ये फोन रात्री अकरालाही येतो. कंपनीकडून गाडीची सोय, रात्रीच्या फेऱ्यांना सोबत सर्व्हिसचा माणूस आणि मुक्कामाच्या हॉटेलाचा खर्च या तिन्ही गोष्टी नेमणूकपत्रातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर रुजू होऊ नका.

शक्य असेल तर रुजू होण्यासाठी मे-जून निवडा. पावसाळाभर उघडी यंत्रं पाहून होतील, दसऱ्यापर्यंत तुमच्या वहीत पाच जिल्ह्यांतल्या गिरण्यांची मोटर, पट्टा, बेअरिंगची नोंद तयार होईल आणि पहिला सीझन हातात माप घेऊन सुरू करता येईल.